तहकुबी म्हणजे भीक नव्हे
(एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



मंदीच्या काळांत राज्यकर्त्यानें काय करावें, हा आजचा विषय आहे. यावर मोठमोठे आंकडे सांगतां येतील, पण ऐकणारा जांभया देत घरीं जाईल. म्हणून मी एकाच राज्यकर्त्याची आणि मुख्यतः त्याच्या एका कायद्याची हकीकत सांगतों. हा राज्यकर्ता म्हणजे अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो. तिकडे गव्हर्नराला लोक मतें देऊन निवडतात व राज्याचा कारभार तोच चालवितो. त्याला आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागीं धरा, म्हणजे पुढचें नीट समजेल.

ओल्सन १८९१ सालीं मिनिआपोलिस शहरांत जन्मले. बाप नॉर्वेचा, आई स्वीडनची. रेल्वेंतील मजुरीवर घर चाललेलें. शेजार गरीब यहुदी लोकांचा. त्यांच्यांत वाढतां वाढतां ओल्सन त्यांची यिद्दिश भाषाहि बोलूं लागले. पुढें ते वकील झाले व १९२० पासून दहा वर्षें सरकारी वकील होते. त्या राज्यांत शेतकरी व शहरांतील मजूर यांनीं मिळून आपला निराळा पक्ष काढला होता. त्या पक्षातर्फे १९३० सालीं ओल्सन निवडून आले आणि जानेवारी १९३१ मध्यें अधिकारावर बसले.

ती वेळ कशी होती तें पाहा. १९२९ सालीं अमेरिकेंत गव्हाला बुशेलमागें एक डॉलरच्या आसपास भाव होता. बुशेल म्हणजे सुमारें २७ किलो. १९३२ सालीं तोच भाव ४० सेंटांच्या आंत आला. माल स्वस्त झाला, पण कर्जाच्या कागदावरचा आंकडा एका सेंटानेंहि उतरला नाहीं. जें कर्ज पूर्वी शंभर पोत्यांत फिटलें असतें, त्याला आतां अडीचशेंहून अधिक पोतीं लागूं लागलीं. शेतकरी आळशी झाला नव्हता, उधळ्याहि झाला नव्हता. त्यानें तितकेंच नांगरलें, तितकेंच पेरलें. आणि तरीहि त्याच्या दारांत लिलाव पुकारणारा येऊन उभा राहिला.

तेव्हां लोकांनीं स्वतःच एक युक्ति काढली. लिलावाच्या दिवशीं सारा गांव जमावयाचा. गाईला दहा सेंट, नांगराला पांच सेंट, अशी बोली शेजारी बोलावयाचे आणि वर कोणी बोलूं लागला तर त्याच्याकडे शंभर डोळे रोखले जावयाचे. मग घेतलेला माल मूळ मालकाला परत द्यावयाचा. यांत माणुसकी होती, पण मारामारीची ठिणगीहि होती. अशा वेळीं राज्यकर्त्यापुढें दोनच वाटा दिसतात : पोलीस धाडून लिलाव पुरा करावा, नाहीं तर डोळे मिटून बसावें.

ओल्सन यांनीं तिसरी वाट धरली. फेब्रुवारी १९३३ मध्यें, लिलाव करणाऱ्या शेरिफ नांवाच्या अंमलदारांना त्यांनीं हुकूम सोडला कीं गहाणाचे लिलाव थांबवा. पण नुसता हुकूम कायद्याच्या कसोटीला किती टिकणार? म्हणून पाठोपाठ कायदेमंडळाकडून एप्रिल १९३३ मध्यें तहकुबीचा कायदा झाला.

या कायद्यानें कर्ज बुडविलें असा पुष्कळांचा समज आहे. तो खोटा आहे. लिलाव झाल्यावरहि ठराविक मुदतींत पैसे भरून गहाण सोडविण्याचा हक्क तेथें पूर्वीपासून होता. नव्या कायद्यानें न्यायाधीशाला ती मुदत वाढविण्याची मुभा दिली, तीहि फार तर १ मे १९३५ पर्यंत. तोंवर ऋणकोनें त्या जागेचें वाजवी भाडें भरावें. त्यांतून कर, विमा, व्याज व मुद्दल वळतें व्हावें.

उदाहरणार्थ, मिनिआपोलिसच्या ब्लेसडेल पतिपत्नींचें घर पाहा. तें १९३२ सालीं लिलावांत गेलें व कर्ज देणाऱ्या संस्थेनेंच सुमारें ३,७०१ डॉलरांस घेतलें. न्यायालयांत त्याच घराची किंमत ६,००० डॉलर ठरली. सोडविण्याची मुदत मे १९३३ मध्यें संपत होती. नव्या कायद्याखालीं ती १ मे १९३५ पर्यंत वाढली आणि दरमहा ४० डॉलर भरावेत असें ठरलें. आतां सांगा, यांत भीक कोणती? धनकोला महिन्याच्या महिन्याला पैसा मिळाला, ऋणकोच्या डोक्यावर छप्पर राहिलें. अडला तो एवढाच, कीं मंदीचा फायदा घेऊन सहा हजारांची वस्तु पावणेचार हजारांत गिळूं पाहणारा.

संस्था थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कोणत्याहि राज्यानें करारांची बंधनें ढिलीं करणारा कायदा करूं नये, असें तिकडच्या राज्यघटनेंत लिहिलें आहे. ८ जानेवारी १९३४ रोजीं निकाल लागला : पांच न्यायाधीश कायद्याच्या बाजूचे, चार विरुद्ध. मुख्य न्यायाधीश ह्यूज यांचा आशय असा होता, कीं संकट नवी सत्ता निर्माण करीत नाहीं, पण असलेली सत्ता वापरण्याचा प्रसंग आणतें. विरुद्ध गेलेले सदरलंड म्हणाले, अशाच कठीण काळीं करार मोडूं नयेत म्हणून तर तें कलम घातलें होतें. हा आक्षेप हलका नाहीं. उद्यां वाटेल तो करार मोडला तर गरिबाला उसनें कोण देईल? पण मुदत ठरलेली, भाडें चालू आणि निवाडा न्यायाधीशाच्या हातीं, अशी तिहेरी मेख असेल तेथें ही भीति बरीच कमी होते.

मी शिक्षक असल्यामुळें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तेथील शाळा मुख्यतः जमीनघरांवरील करावर चालत. शेतकऱ्याला कर भरवेना, तेव्हां शाळेचीहि दोरी तुटूं लागली. १९३३ सालीं त्या राज्यानें उत्पन्नावर कर बसविला व तो पैसा शाळांकडे लावला. ज्याची मिळकत अधिक, त्यानें अधिक द्यावें आणि दुष्काळांतहि पोरांची पाटी फुटूं नये, हें धोरण मला मोलाचें वाटतें.

ओल्सन यांची आरती ओवाळण्यास मी उभा नाहीं. १९३४ सालीं मिनिआपोलिसांत ट्रक हाकणाऱ्यांचा संप झाला. २० जुलै रोजीं शहराच्या पोलिसांनीं संपवाल्यांवर गोळ्या झाडल्या. दोन माणसें मेलीं, साठांहून अधिक जखमी झालीं. ओल्सन यांनीं लष्करी अंमल पुकारला. त्यांच्या शिपायांनीं संपाच्या कचेरीवर छापा घालून पुढारी पकडले, तेव्हां ज्या मजुरांनीं त्यांना निवडून दिलें तेच संतापले. मग मालकांच्या संघाच्या कचेरीवरहि छापा पडला. अखेर ऑगस्टांत तडजोड होऊन संप मिटला. पुढें २२ ऑगस्ट १९३६ रोजीं, अवघ्या ४४ व्या वर्षीं, कर्करोगानें ओल्सन वारले.

मंदी एकट्या मिनेसोटानें हटणार नव्हती. गव्हाचा भाव गव्हर्नराच्या हातीं नव्हता. पण काळवेळ देणें त्याच्या हातीं होतें, आणि तें त्यानें दिलें. बंधूंनो, भाव आज पडतो, उद्यां चढतो. पण लिलावांत गेलेली जमीन भाव चढला म्हणून परत येत नाहीं. म्हणून मत मागावयास जो येईल, त्याला कर्ज माफ करशील काय एवढेंच विचारूं नका. वाईट वर्षीं आम्हांला मुदत देशील काय, ती कोणत्या कायद्यानें देशील आणि शाळेचा पैसा कोठून आणशील, हें विचारा. ज्याला उत्तर देतां येईल, त्यालाच आपला म्हणा.