वर्ल्डकॉनचे आयोजक आणि सभासदांच्या तक्रारी

विज्ञानकथांच्या चाहत्यांचे जागतिक अधिवेशन, ज्याला चाहते ‘वर्ल्डकॉन’ म्हणतात, १९३९ साली न्यूयॉर्क येथे प्रथम भरले, आणि दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात पडलेला खंड सोडता त्याची परंपरा आजतागायत चालू आहे. त्याची मातृसंस्था ‘वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटी’ ही मात्र बव्हंशी एका लिखित घटनेच्या रूपातच अस्तित्वात आहे. पुढच्या अधिवेशनांची स्थळे सभासद मतदानाने ठरवतात आणि निवडून आलेल्या शहरातील समिती तेवढ्या एका अधिवेशनाचा भार विनावेतन वाहते. मराठी साहित्य संमेलनाच्या निमंत्रक संस्थेशी या समितीचे साम्य आहे, परंतु तिच्या पाठीशी महामंडळासारखे कायमचे कार्यकारी मंडळ नसते. त्यामुळे पत्रांना उत्तरे न मिळणे, घोषणा उशिरा होणे, एका विभागाने दिलेला शब्द दुसऱ्या विभागाला ठाऊकच नसणे, हे दोष दरवर्षी नव्या माणसांकडून नव्याने घडतात आणि मागील वर्षीची तक्रार समितीबरोबरच विसर्जित होते.

अशा आयोजकांना ‘तुमचा संपर्क वाईट आहे’ असे कळवून फारसे काही साधत नाही, कारण ते वाक्य वाचणाऱ्या स्वयंसेवकाला नेमके काय दुरुस्त करावे याचा त्यातून बोध होत नाही. सान होजे येथील २०१८ च्या अधिवेशनाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. अधिवेशनास जेमतेम महिना उरला असताना, जुलैमध्ये, परिसंवादांचे वेळापत्रक जाहीर झाले, तेव्हा ह्यूगो पुरस्काराच्या, म्हणजे सभासदांच्या मतांनी दिल्या जाणाऱ्या या क्षेत्रातील मानाच्या पुरस्काराच्या, अंतिम यादीतील काही लेखकांना त्यात स्थानच नसल्याचे दिसून आले, आणि एका लेखकाच्या परिचयातील स्वतःसाठी निवडलेली सर्वनामे परस्पर बदलली गेल्याचेही उघड झाले. संताप मोठा होता आणि काहींनी सहभाग मागे घेतला. परंतु तक्रारी मोघम नव्हत्या, कोणता मजकूर पाठवला होता आणि कोणता छापला गेला हे त्यांत स्पष्ट होते. अधिवेशनाचे अध्यक्ष केव्हिन रोश यांनी क्षमा मागून वेळापत्रक मागे घेतले, आणि लेखिका मेरी रॉबिनेट कोवल यांनी मदतीचा हात पुढे करून स्वयंसेवकांच्या एका गटासह काही आठवड्यांत ते नव्याने बांधून दिले. तक्रारदारांपैकी प्रत्येकाने असे श्रम उचलावेत ही अपेक्षा अवास्तव ठरेल. तरीही दोष दाखवताना दुरुस्तीचे काम नेमके कुठे सुरू करता येईल हे सांगितलेले असले, तर थकलेली समितीही ते ऐकते.

चेंगदू येथील २०२३ च्या अधिवेशनाचा अनुभव उलट होता. ह्यूगोच्या नामांकनांची आकडेवारी अधिवेशनानंतर ९० दिवसांच्या आत प्रसिद्ध करावी असा घटनेचा नियम आहे. ती २० जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, बाहेर आली, आणि आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबेल’ या कादंबरीसह काही नावांपुढे ‘अपात्र’ एवढाच शेरा आढळला. कारण विचारणाऱ्यांना घटनेचा व नियमांचा मोघम हवाला मिळाला, नियम कोणता ते सांगितले गेले नाही. पुढे फुटलेल्या अंतर्गत ई-मेलांतून असे दिसले की, चीनमध्ये संवेदनशील ठरू शकतील अशा मजकुराच्या शोधात नामांकितांच्या लेखनाची व समाजमाध्यमांवरील वावराची छाननी करण्यात आली होती. येथे अडचण केवळ अव्यवस्थेची नव्हती, आणि ज्या आयोजकाला उत्तर द्यायचेच नाही त्याच्यापुढे सौम्य शब्दांतील सूचनेचा काही उपयोग नसतो, हेही मान्य केले पाहिजे.

अशा वेळी अभिप्रायाचा रोख पुढील समितीकडे वळवणे हा मार्ग उरतो, आणि ग्लासगोच्या २०२४ च्या समितीबाबत तसेच घडले. तिने अपात्रतेची कारणे जाहीर करण्याचे आधीच कबूल केले, आणि जुलैमध्ये ह्यूगोसाठीची ३७७ मते बाद करताना ती का बाद झाली, ती कोणा एका उमेदवाराच्या लाभासाठी दिली गेल्याचे का वाटले, व त्या उमेदवाराला अपात्र का ठरवले नाही, हे निकालाची वाट न पाहता निवेदनातून सांगितले. याहून टिकाऊ मार्ग ‘बिझनेस मीटिंग’चा, म्हणजे अधिवेशनातील सभासदांच्या नियमसभेचा आहे, तेथे संमत झालेली घटनादुरुस्ती पुढील वर्षीच्या सभेनेही मान्य केल्याखेरीज लागू होत नाही, म्हणून तिची गती मंद असते, परंतु एकदा घटनेत गेलेली तक्रार समित्यांच्या विस्मरणावर अवलंबून राहत नाही.

नेमक्या प्रश्नाचा उपयोग त्यापुढच्या वर्षीही दिसला. सिएटलच्या २०२५ च्या समितीने वक्त्यांच्या पूर्वचौकशीसाठी चॅटजीपीटी वापरल्याचे सांगितले, तेव्हा पहिल्या खुलाशाने कोणाचेच समाधान झाले नाही आणि ह्यूगोचे काम पाहणाऱ्यांपैकी काहींनी राजीनामे दिले. त्या यंत्राला नेमके काय विचारले होते, हा प्रश्न मात्र सभासदांनी सोडला नाही. काही दिवसांतच समितीने तो मजकूर शब्दशः प्रसिद्ध केला आणि त्या पद्धतीने झालेले काम बाहेरच्या नव्या स्वयंसेवकांकडून पुन्हा करून घेण्याचे जाहीर केले.