घरातील अपंग माणूस आणि घरगुती साधने
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला होता ‘विद्यार्थ्यांची गैरहजेरी व पालकांची जबाबदारी’. मी मात्र बोलणार आहे ते उंबरे, काठ्या, स्टुले आणि बादल्या यांच्याविषयी. दोहोंचा संबंध काय, तो आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा आठवड्यातून दोन-दोन, तीन-तीन दिवस येईनासा झाला. मुलगा हुशार, घर लोहगडवाडीचे. चिठ्ठी पाठवली, निरोप धाडला, उत्तर नाही. अखेर एका रविवारी मळवलीला लोकलमधून उतरलो आणि भाजे गाव मागे टाकून गायमुख खिंडीच्या वाटेने वाडीवर गेलो. लोहगडाचे नाव २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या दिवशीही गड पाहणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या गर्दीच्या कडेलाच माझ्या विद्यार्थ्याचे घर.

घरात आजोबा होते. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली. वडील पहाटे कामावर जात, आई पायथ्याशी पिठले-भाकरीची टपरी चालवी. मग आजोबांना शौचास नेणे, आणणे, अंघोळ घालणे हे सारे मुलाकडे. ते उरकेपर्यंत शाळेची वेळ टळलेली असे. मावळातला पाऊस तुम्हांला ठाऊक आहेच. त्यामुळे घराचे जोते दोन फूट उंच. आधी उंबरा, मग चार पायऱ्या, धरायला काही नाही, पुढे शेवाळलेले अंगण आणि वीस पावलांवर संडास. आजोबा मला म्हणाले, “मास्तर, उभा जन्म गड चढलो-उतरलो. आता ह्यो उंबरा वलांडंना.”

मी मुलाला रागावण्याच्या तयारीने गेलो होतो. तसाच गप्प बसलो.

पुढे त्या घरी जे केले ते फार मोठे नव्हे. पायऱ्यांपासून संडासापर्यंत कमरेइतक्या उंचीवर बांबूचा कठडा घातला. अंगणात फरशीचे खडबडीत तुकडे बसवले. वेल्डरकडून मधोमध भोक असलेले लोखंडी स्टूल करून घेतले व ते खाली बसायच्या संडासावर ठेवले. (प्लास्टिकची खुर्ची कापून हेच करतात; कृपा करून करू नका. पाय फाकतात, आणि माणूस पुन्हा पडतो.) बाज ठेंगणी होती, तिच्या चारी पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे दिले. बसल्यावर गुडघे काटकोनात राहिले म्हणजे उठायला जोर कमी लागतो. ठोकळ्याला खाच हवीच, नाही तर बाज घसरते.

आजोबांची काठी गडावर चढायची, म्हणजे चांगली उंच होती. काठीचे माप असे: पायात रोजच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावा, मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यावी. खालच्या टोकाला रबरी टोपी हवी आणि ती झिजली की बदलावी. काठी दुखऱ्या पायाच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सभागृहातले पुष्कळ जण आज घरी जाऊन काठीचा हात बदलतील, अशी माझी अटकळ आहे.

आजोबा आता कोरड्या दिवसांत एकटे जातात. पावसात अजूनही कोणीतरी सोबत लागते, आणि बांबू दरसाल जूनपूर्वी तपासावा लागणार. मुलाची हजेरी मात्र सुधारली आहे.

आता माझी स्वतःची फजिती ऐका. माझ्या अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. मी बी.ए., बी.एड. झालेला मुलगा; पगारातला मोठा हिस्सा घालून चाकांची खुर्ची आणली. खुर्चीची रुंदी सव्वीस इंच आणि आमच्या न्हाणीचे दार चोवीस इंच! दुकानदाराचा यात काही दोष नाही, मी दार मोजलेच नव्हते. ती खुर्ची कित्येक महिने ओसरीवर कपडे वाळत घालण्याच्या कामी आली. अम्मीला खरा उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली, तेव्हा तिला चमचा पकडता आला. ताटाखाली ओले फडके घातले की ताट सरकत नाही. पलंगाच्या पायथ्याला गाठी मारलेली दोरी बांधली, ती डाव्या हाताने ओढून ती आपली आपण उठून बसू लागली. वजू करायच्या जागी पाठ असलेले ठेंगणे स्टूल आणि भिंतीत घट्ट बसवलेला नळीचा आधार दिला. आपल्या घरांत म्हातारी माणसे घसरतात ती बहुधा याच ओल्या जागी.

ज्यांच्या घरी चाकांची खुर्ची आहे त्यांनी उतार करताना ध्यानात ठेवावे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. याहून उभा केला तर खुर्ची मागे उलटू शकते. सतत खुर्चीत बसणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने अंग उचलून भार हलवावा, आणि अंथरुणाला खिळलेल्यास दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. पाठीच्या जखमा औषधापेक्षा याने टळतात.

साधन आपल्या राहणीला जुळावे लागते. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास तयार झाला. त्यात डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याइतकाच वाटा रामचंद्र शर्मा या कारागिराचा. मांडी घालता यावी, उकिडवे बसता यावे, अनवाणी चालता यावे, हा हेतू. आपल्या पुण्यात तर सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीचे केंद्र १९७४ पासून.

विद्यार्थिनींनी नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र ग्रंथालयातून जरूर न्यावे. ऐन शिकण्याच्या वयात कमरेखालचे अंग लुळे पडले. बाबूकाका दिवाण, जे स्वतः अपंग होते, त्यांच्यामुळे त्यांना धीर आला. पुढे शिकून नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. तिथे शेकडो मुले वसतिगृहात राहून शिकली. आपल्याच समाजातली, मराठीत लिहिणारी ही बाई आपल्या किती घरांत ठाऊक आहे? मला तरी पस्तिशीला येईपर्यंत ठाऊक नव्हती.

सरकारी मदतीचे थोडक्यात. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. प्रमाणपत्र व ओळखपत्र काढलेले असावे, त्यावाचून साधनांची दारे उघडत नाहीत. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत ते विचारा. लाजू नका. माणूस घरात लपवून ठेवण्याची आपल्याकडे खोड आहे, आणि लपवलेल्या माणसाचा अर्ज कोण करणार?

येत्या रविवारी सकाळी मी शाळेच्या वर्गात थांबणार आहे. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी यावे. येताना उंबऱ्याची उंची, न्हाणीच्या व संडासाच्या दाराची रुंदी आणि पलंगाची उंची, एवढी चार मापे कागदावर लिहून आणावीत. टेप नसेल तर कार्यालयातून घेऊन जा. आमच्याकडे दोन आहेत, सोमवारी परत करा.