रक्तवाहिनीभोवतीची चरबी आणि गर्भारपण



"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा," असे आपल्या घरोघरी पोटुशी सुनेला सांगितले जाते. त्यामागची माया आम्ही जाणतो. उपासमार पाहिलेल्या पिढीचे ते बोल आहेत. परंतु अंगावरची चरबी शरीरात काय करते, हे आता पुष्कळ कळले आहे.

चरबी केवळ पोटावर असते असे नाही. बहुतेक रक्तवाहिन्यांभोवतीही तिचे वेष्टन असते. हे नुसते भरण, असे समजून प्रयोगशाळेत धमनी तपासताना ते सोलून टाकीत. १९९१ साली अमेरिकेत सॉल्टिस व कॅसिस यांनी ते न सोलता उंदराची महाधमनी तपासली, तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनालीनने ती कमी आवळली गेली. २००२ साली बर्लिनच्या संशोधकांनी दाखविले की, ही चरबी धमनी सैल करणारे द्रव्य स्रवते. २००९ साली मँचेस्टरला आढळले की, लठ्ठ माणसांत चरबीला दाह होऊन हा गुण लोपतो. चरबी तीच, पण राखण करीनाशी होते!

गर्भारपणात रक्त सुमारे ४० ते ५० टक्के वाढते, तरी मधल्या महिन्यांत रक्तदाब उलट थोडा उतरतो, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. हे नीट जमले नाही तर दाब चढतो. वारेला रक्त कमी पडले तर बाळाची वाढ खुंटते. यात चरबीचा वाटा किती, हे अजून उलगडते आहे. गाभण उंदरांत गर्भाशयाच्या धमनीभोवतीची चरबी तिला सैल होण्यास अडवते, असेही दिसले आहे. तेव्हा चरबी एकजात वाईट म्हणणे आम्हांस भाबडेपणाचे वाटते.

लठ्ठपणामुळे गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकाराचा धोका वाढतो, हे मात्र पक्के. तरी सडसडीत बाईलाही तो होतो. म्हणून अंगलटीवरून अंदाज बांधू नये. प्रत्येक खेपेस दाब मोजून घ्यावा, लघवी तपासावी. दाब १४०/९० किंवा अधिक भरला, डोके सतत दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली कळ आली, चेहरा-हात अचानक सुजले, तर "चालायचंच" म्हणून थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळंतपणानंतरही काही आठवडे ही काळजी हवी.

जिचे वजन जास्त, तिने दिवस गेल्यावर उपाशी राहून ते घटवू नये. सासूबाईंनीही टोमणे मारू नयेत. भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर द्यावी, तळलेले-गोड आवरावे. आणि तपासणीच्या दिवशी, एक रोज बुडाला तरी चालेल, नवऱ्याने सोबत जावे.