छापण्याआधी एकदा ऐकवा

(सुरतेतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे 'सुरतेतले दादोबा पांडुरंग'. मराठीचे व्याकरणकार, मुंबईचे तर्खडकर, इथल्या इंग्रजी शाळेतले शिक्षक, १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभा काढणारे सुधारक. एवढं सगळं या सभागृहाला ठाऊक आहे, म्हणून चरित्र बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे दादोबांच्या एका हस्तलिखिताबद्दल. आणि त्या निमित्ताने, तुमच्या कपाटातल्या वह्यांबद्दल. (हशा)

'धर्मविवेचन' हा ग्रंथ दादोबांनी लिहिला १८४३ साली. तो छापून आला १८६८ साली. मध्ये पंचवीस वर्षं गेली, आणि एवढं थांबूनही पुस्तकावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. लेखक म्हणून छापलं होतं 'एक जगद्वासी आर्य'. ईश्वर एक, माणसाची जात एक, असं त्या काळी नावानिशी छापायचं म्हणजे वाळीत पडण्याची तयारी हवी. पण तोवर ते विचार पेटीत कुलूपबंद राहिले नव्हते. आधी ते सुरतेतल्या मित्रांत बोलले गेले, घासून पाहिले गेले. पुढे दादोबा मुंबईला गेले आणि १८४९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या तिथल्या सुधारकांच्या परमहंस सभेला त्याच विचारांचा पाया मिळाला. छापखान्याचं तोंड पाहण्याआधी त्या पुस्तकाला स्वतःची माणसं मिळाली होती.

दुर्गारामांच्याच शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे कवी नर्मद झाला. त्याने १८६६ साली 'मारी हकीकत' हे आत्मचरित्र लिहिलं, मोजक्याच प्रती छापल्या आणि जवळच्या मित्रांच्या हाती दिल्या. सर्वांसाठी ते पुस्तक निघालं १९३३ साली, नर्मद जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर.

एकाच शहरातली ही दोन माणसं. दोघांनी लेखन दाखवलं, पण कुणाला दाखवायचं ते स्वतः ठरवलं.

आता या व्यासपीठावरून ज्यासाठी उभं राहायचं ते सांगतो. लेखन नुसतं दाखवू नका, ऐकवा. समोर माणूस बसवा आणि मोठ्याने वाचा.

ऐकवण्याच्या एका गोष्टीत या गावाच्या स्टेशनाचाही वाटा आहे. मार्च १९१६. बडोद्याहून एक वीस वर्षांचा विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला. सुरत आली तशी तो मित्रांबरोबर खाली उतरला. परीक्षेला न जाता त्याने भुसावळच्या वाटेने काशी गाठली. नंदुरबार, अमळनेर, जळगावची ती तापीकाठची लाइन. या सभागृहातली निम्मी घरं तिनेच सुरतेला आली आहेत. (टाळ्या) तो विद्यार्थी म्हणजे विनोबा भावे.

बडोद्याच्या घरी त्यांच्या आईने गीता मराठीतून मागितली होती. वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही तिला कठीण गेली. मग तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली. आई गेली १९१८ साली. विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली ७ ऑक्टोबर १९३० ला आणि पुरी केली ६ फेब्रुवारी १९३१ ला. जिच्यासाठी लिहिली ती ऐकायला उरली नव्हती. तेव्हा त्यांनी काय केलं? पंडितांकडे पाठवण्याऐवजी आश्रमातल्या लहान मुलींचा वर्ग घेतला आणि त्यांना ती शिकवली. मुलींना जे जड गेलं ते टिपून ठेवलं आणि तिथली रचना बदलली. पुस्तक १९३२ साली निघालं, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते.

त्या मुलींनी अभिप्राय दिला नव्हता. त्या फक्त अडखळल्या होत्या. लेखकाला तेवढं पुरतं.

घरी करून पाहा. 'बसस्थानकावर उभ्या असलेल्या वृद्ध पित्याला पाहून तिच्या अंतःकरणात कालवाकालव झाली.' कागदावर हे वाक्य खपून जातं. घरात चहा पिताना मोठ्याने वाचा. 'वृद्ध पित्याला'पाशी जीभ जड होते आणि तोंडून आपसूक 'म्हाताऱ्या बापाला' निघतं. समोरच्याने चकार शब्द काढलेला नसतो, तरी दुरुस्ती झालेली असते.

(समोरून प्रश्न : पण कुणी चोरलं तर?)

प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन कागदावर उतरलं की हक्क तयार होतो. नोंदणीची सक्ती नाही, अप्रकाशित लेखनालाही संरक्षण आहे. तरीही वहीवर तारीख घाला, जुना खर्डा फाडू नका. आणि एक सावधगिरी. शंभर-दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कथा टाकणं आणि चौघांत वाचणं यांत फरक करा. दिवाळी अंकाचे संपादक 'अप्रकाशित' साहित्य मागतात. फोनवर गावभर फिरलेली कथा अप्रकाशित कशी म्हणायची, असं ते विचारू शकतात, आणि त्यांचं चुकणार नाही.

दुसरी तक्रार नेहमीची. चार जणांचं ऐकलं की लेखन आपलं राहत नाही. ज्यांनी कधी ऐकवलंच नाही, तेच बहुधा हे म्हणतात. (कुजबुज) कठोर वाटलं तरी शब्द मागे घेणार नाही. श्रोता कुठे अडला एवढंच त्याच्याकडून घ्यायचं. तिथे काय लिहायचं, ते लेखकाचं काम. आश्रमातल्या मुलींनी 'गीताई' लिहिली नाही.

या शहराला हे वेगळं शिकवायला नको. कापडाचा ग्रे, म्हणजे कोरा, ताका तपासल्याशिवाय इथे रंगाईला जात नाही. रंग चढल्यावर सापडलेला दोष महाग पडतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. दादोबांच्या व्याकरणावर बोलायचं राहिलं, ते राहू द्या. कुणाला ऐकवायचं तेवढं सांगून थांबतो. एक, ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यासारखा माणूस. दोन, कंटाळा आला तर उठून जाण्याइतका मोकळा माणूस. तीन, पोटात गोष्ट ठेवणारा माणूस. तिन्ही एकात मिळाले नाहीत तर तिघांना बोलवा.

सभागृह आणखी तासभर आपल्याकडे आहे. ज्यांच्या पिशवीत वही आहे त्यांनी जाऊ नये. मागच्या खुर्च्या गोलात मांडून घ्या आणि दोन-दोन पानं वाचा. ऐकायला आम्ही बसलो आहोत.