देवराष्ट्रे येथील जन्मघर



पाटणवरून वाहत जाणारी कोयना कराडला कृष्णेस मिळते. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. तिच्यापुढे नतमस्तक होणाऱ्याने एकदा तरी देवराष्ट्रे येथे जाऊन त्यांचे जन्मघर पाहावे. जीवनाची सांगता कोठे झाली यापेक्षा प्रारंभ कोठे झाला, हे पाहणे अधिक बोधप्रद असते.

देवराष्ट्रे हे सागरेश्वराच्या परिसरातील गाव. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. आज सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. १२ मार्च १९१३ रोजी यशवंतरावांचा जन्म येथे झाला, तो आजोळी, घाडगे यांच्या घरी. हे घर वाडा नव्हे, गढी नव्हे. ते साध्या शेतकरी कुटुंबाचे घर होय. शासनाने ते राज्य संरक्षित स्मारक म्हणून जतन केले आहे. सामान्यतः राजांचे किल्ले आणि सरदारांचे वाडे संरक्षित होतात. येथे तो मान एका कुणब्याच्या घराला लाभला आहे.

यशवंतरावांचे वडील बळवंतराव न्यायालयात बेलीफ होते. कायद्याचा कागद लोकांच्या दारी पोहोचविणे हे त्यांचे काम. यशवंतराव लहान असतानाच पित्याचे छत्र हरपले आणि माता विठाबाईंनी कष्टाने मुलांना वाढविले. बेलीफाचा हा मुलगा १९४६ मध्ये मुंबई विधानसभेत निवडून गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. पित्याने कायद्याचा कागद दारोदारी नेला, तर पुत्राच्या कारकिर्दीत कायद्याचेच रूप पालटले. शेतजमिनीची कमाल मर्यादा ठरविणारा आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापणारा, असे दोन्ही कायदे १९६१ चे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि गावची शाळा, रस्ता, दवाखाना यांविषयीचे निर्णय जिल्ह्यातच होऊ लागले. जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या घराचे सुखदुःख ज्याने बालपणी पाहिले, त्याच्या राज्यात असे कायदे व्हावेत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

कराडचे 'विरंगुळा' हे त्यांचे उत्तरकालीन घरही प्रसिद्ध आहे. देशाचे संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र ही खाती सांभाळलेल्या नेत्याचे ते विसाव्याचे स्थान. देवराष्ट्रे आणि कराड ही दोन्ही घरे पाहिली म्हणजे मधल्या वाटचालीची लांबी ध्यानी येते.

म्हणूनच अशा वास्तूंच्या जतनात एक दक्षता आवश्यक आहे. आदरापोटी आपण स्मारकाला संगमरवर लावतो, भिंती उंचावतो, रंगरंगोटी करतो. आणि नकळत ज्या साधेपणासाठी ती वास्तू जपायची, तोच पुसून टाकतो. देवराष्ट्रेचे घर भव्य झाले तर ते शिकविण्याजोगे काही उरणार नाही. ते लहानच राहिले पाहिजे. म्हणजे तशाच लहान घरातून आलेल्या मुलाला त्याच्या उंबऱ्यावर उभे राहून आपल्या उद्याची खात्री वाटेल.