महाळुंग

वाळवा तालुक्यांतील आष्ट्याहून कोल्हापूर फारसें दूर नाहीं. तेथें अंबाबाईच्या दर्शनास वरचेवर जाणारीं घराणीं पुष्कळ. परंतु देवीच्या उजव्या खालच्या हातांतील फळ कोणतें, असें विचारल्यास किती जणांस सांगतां येईल? तें फळ महाळुंग होय. संस्कृतांत त्यास मातुलुंग किंवा बीजपूर, म्हणजे बियांनीं भरलेलें, असें म्हणतात. आणि म्हणूनच तें सृजनाचें चिन्ह मानिलें गेलें.

महाळुंगाचें झाड ठेंगणें व कांटेरी असतें. फळ खडबडीत, पिकल्यावर पिवळें आणि कधीं वीतभर लांब भरतें. आंतील गर थोडा व आंबट. साल मात्र अतिशय जाड. लिंबाचें मोल रसांत, तर महाळुंगाचें सालींत आहे. 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार लिंबुवर्गाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे झाला. महाळुंग हें त्यांतील एक मूळ कुळ, आणि आपलें कागदी लिंबू ही त्याचीच संकरज संतति होय.

ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यानें, हें फळ कपड्यांत ठेवल्यास कसर लागत नाहीं, असें लिहून ठेविलें आहे. ज्यू लोक सुक्कोथच्या सणांत हेंच फळ हातीं धरितात. आयुर्वेदानें याचें केसर सैंधवासह अरुचीवर सांगितलें आहे.

मुरंब्यासाठीं सालीच्या पांढऱ्या मगजासह फोडी कराव्या, मिठाच्या पाण्यांत एक-दोन दिवस ठेवाव्या, मग उकळून तें कडू पाणी टाकून द्यावें, आणि फोडी पारदर्शक होईपर्यंत साखरेच्या पाकांत मुरवाव्या. उकळण्यानें ‘क’ जीवनसत्त्व बरेंच घटतें. तें हवें असल्यास न शिजविलेलें लोणचें अधिक बरें.

कृष्णाकांठीं आज उसाचें राज्य आहे. ज्या फळास बाजारांत गिऱ्हाईक नाहीं, त्याचें बांधावरील झाड एकदां तुटलें, कीं तेथें दुसरें कोण लावणार? वास्तविक महाळुंगाची फांदी छाटून लाविली तरी ती सहज मूळ धरिते. परसांतील हातभर जागा तिला पुरते. ज्या घरीं अंबाबाईची तसबीर आहे, त्या घरानें एवढें केलें, तर मुलांना देवीच्या हातांतील फळाचें नांव पुस्तकांत शोधावें लागणार नाहीं.