पाच खिशांतली एक गोष्ट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी क्लब हाउसमध्ये झालेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा वाकड महापालिकेत येऊन जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. रिक्षावाला डांगे चौकाच्या पुढे यायला कुरकुर करायचा. गॅलरीतून ज्वारी दिसायची. तेव्हा आपल्या सोसायटीचा प्रश्न एकच होता, पाणी. टँकर आला की सगळी बिल्डिंग खाली. कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, हे टँकरच्या रांगेतच कळायचं.

आज नळाला पाणी आहे, गेटवर ॲप आहे, कॅमेरे आहेत. आणि तेव्हा चाळिशीत असलेले आपण आता पासष्ट-सत्तरीत आहोत. मुलं बंगळुरूला, कोणी अमेरिकेत. काही जण नातवंडं सांभाळायला गावाहून आले आणि इथलेच झाले. दार बंद झालं की आत काय चाललंय हे शेजारच्यालाही कळत नाही.

मी आज एका काकांची गोष्ट सांगणार आहे. ते आता नाहीत. त्यांच्या मुलीला विचारून सांगतेय. काहींना ओळख पटेल, पण नाव कोणी घेऊ नये ही विनंती.

काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलगा त्यांच्याकडे राहायला आला. आम्हाला बरंच वाटलं, म्हातारपणी सोबत झाली. पुढच्या वर्षभरात काय काय घडलं बघा. वॉचमनच्या लक्षात आलं की काका खाली फिरायला येणं बंद झालंय. त्यांच्याकडच्या मावशींना ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं गेलं. मेडिकलवाल्याला दिसलं की बीपीच्या गोळ्या न्यायला दोन महिने कोणी आलेलं नाही. बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीने पाहिलं की पेन्शनच्या दिवशी काका मुलाबरोबर येतात, सही करतात आणि पैसे मुलगा मोजून घेतो.

पाचवी मी. मी तेव्हा सेक्रेटरी होते. पंधरा वर्षं ज्यांचा मेंटेनन्स पाच तारखेच्या आत आला, त्यांचे सहा महिने थकले. मी काय केलं? व्याजासकट थकबाकीची नोटीस काढली आणि दारावर चिकटवली. नियमाने सगळं बरोबर होतं. बेल मात्र वाजवली नाही.

काका बाथरूममध्ये पडले, दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांना अंगावरचे जुने वळ दिसले. वजन किती उतरलं होतं ते आम्ही तिथे पाहिलं. मग आम्ही पाचही जण म्हणालो, ‘अहो, मला वाटलंच होतं.’ पाच जणांच्या खिशात एकेक तुकडा होता. कोणी लबाड नव्हतं, कोणी निष्काळजीही नव्हतं. फक्त ते पाच तुकडे एका टेबलावर कधी आले नाहीत.

हे टेबल कसं मांडायचं, त्याबद्दल मला बोलायचंय.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टने असं टेबल कायद्यानेच मांडलं. तिथल्या स्थानिक प्रशासनाला, आरोग्यसेवेला आणि पोलिसांना एका मंडळात बसावंच लागतं. स्वतःचं रक्षण करू न शकणाऱ्या प्रौढ माणसाबद्दल कोणाला काय माहीत आहे, कोण काय करणार, हे ते एकत्र ठरवतात. आपल्याला वाटेल, ते परदेशातलं झालं. पण आपल्याकडेही बरंच आहे, आपण वाचलेलं नाही एवढंच.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा. साठ वर्षांवरच्या माणसाला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतःला जमत नसेल तर आपण सांगू ती व्यक्ती किंवा संस्था करू शकते. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. ‘सांभाळ करीन’ या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. म्हणून बक्षीसपत्र करणार असाल तर ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्या. तोंडी विश्वासावर सही करू नका, समोर पोटचा मुलगा असला तरी.

आणि आपल्या कामाची गोष्ट महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांत आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची. पोलिसांच्या माणसाने समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटायचं. ठाण्याच्या पातळीवर स्वयंसेवकांची समिती असायची. म्हणजे टेबल आहे. खुर्च्या भरायचं काम आपलं आहे.

काकांच्या प्रसंगानंतर आम्ही महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसायला लागलो. पहिल्या बैठकीला चार जण आले, त्यात दोघे नवरा-बायको. आता कोपऱ्यावरचे डॉक्टर येतात, बीट अंमलदार जमेल तेव्हा येतात, ज्येष्ठ नागरिक संघाचे दोघे येतात, शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी येतात. बँकेतली मंडळी कोणाच्या खात्याबद्दल बोलत नाहीत, बोलूही नये. पण फसवणूक कशी ओळखायची ते सांगतात. सगळ्यात जास्त माहिती कोणाकडे असते? वॉचमन आणि घरकामाच्या मावशी यांच्याकडे. त्यांना मागे उभं करायचं नाही, खुर्ची द्यायची.

या बैठकीची चहाडी व्हायला वेळ लागत नाही, हे आम्ही पहिल्या तीन महिन्यांतच शिकलो. ‘अमक्याची सून जेवायला देत नाही’ असं कोणीतरी बोललं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या विंगमध्ये पोचलं. सून बिचारी स्वतःच आजारी होती. तेव्हापासून तीन नियम केले. ऐकीव सांगायचं नाही, पाहिलेलं सांगायचं. नावं वहीत लिहायची नाहीत, ग्रुपवर तर अजिबात टाकायची नाहीत. आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला आधी विचारायचं, ‘तुम्हाला काय हवंय?’ जिवाला धोका असेल तर मात्र थांबायचं नाही, सरळ ११२.

हा तिसरा नियम काकांनी शिकवला. दवाखान्यात आम्ही सगळे तावातावाने पोलीस केस करायला निघालो होतो. काका म्हणाले, ‘ताई, त्याला आत टाकू नका. त्याची दारू सोडवा. आणि माझं पासबुक माझ्याकडे द्या.’ मला राग आला होता. पण आयुष्य त्यांचं होतं. मुलगी येऊन राहिली, मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात गेला, पेन्शनचं पासबुक काकांच्या उशाखाली आलं. मुलगा पूर्ण सुधारला असं मी म्हणणार नाही. पण काका पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी खाली बाकावर बसले.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या एका आजींना व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी आली. असं काही कायद्यात नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. पण दुपारी दार उघडेनात म्हणून मावशींनी वॉचमनला सांगितलं, वॉचमनने समितीला, आणि अर्ध्या तासात आम्ही तिघी दारात. पैसे जायचे वाचले. बेल वाजवायला आपण शिकलो, एवढंच.

तीन नंबर फ्रिजवर लावून ठेवा. तातडीसाठी ११२, सायबर फसवणुकीला १९३०, ज्येष्ठांच्या मदतीला १४५६७. आणि चौथा, समोरच्या फ्लॅटचा.

पंचविशीत आपण इमारतीला रंग दिला, लिफ्ट बदलल्या, उत्तम झालं. येत्या शनिवारी सहा वाजता याच हॉलमध्ये बैठक आहे. चहा असतो. या, आणि येताना ज्यांना जिना उतरायला सोबत लागते त्यांना बरोबर घेऊन या.